‘फक्त पुरुषांसाठी’ ही पाटी पुरेशी नाही; व्यसनमुक्ती केंद्र निवडण्याआधी घरच्यांनी काय विचारावं?

जळगाव/धुळे : कापसाचे पैसे आले की आठ दिवस घरी पत्ता नाही. आखाजीला पत्त्यांचा डाव बसला की बाटली आलीच. मग एक दिवस बायको, आई आणि थोरला भाऊ ठरवतात, आता याला कुठेतरी भरती करायचं. इथून खरी अडचण सुरू होते. मोबाईलवर शोधलं की ‘फक्त पुरुषांसाठी निवासी केंद्र, शंभर टक्के खात्री’ अशा जाहिरातींची रांग लागते. फोन लावला की लगेच विचारणा होते, गाडी कधी पाठवू?

ही गर्दी कशामुळे, हे आकडे सांगतात. केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या एम्सने केलेला देशव्यापी अहवाल २०१९ मध्ये आला. त्यानुसार १० ते ७५ वयोगटात दारू पिणाऱ्या पुरुषांचं प्रमाण २७.३ टक्के, तर बायकांचं १.६ टक्के आहे. त्यामुळे बहुतेक केंद्रांत पुरुषच असतात. त्याच अहवालातली दुसरी गोष्ट जास्त बोचणारी आहे. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी फक्त एकालाच काही उपचार मिळतात, आणि दवाखान्यात राहून उपचार १८० पैकी एकालाच. गरज मोठी आणि सोय थोडी, म्हणून जो पहिला फोन उचलेल त्याच्याकडे माणूस सोपवला जातो.

पुरुषांचा वेगळा विभाग असण्याला अर्थ आहे. कर्ज, शेतीतलं नुकसान, घरात केलेली मारहाण, संशय हे विषय माणूस चारचौघांत काढत नाही. आपल्यासारख्याच पुरुषांच्या गटात बसला की हळूहळू बोलतो. पुण्याच्या मुक्तांगणमध्येही गटात बसून बोलण्याला मोठं महत्त्व आहे. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या या केंद्राचा निवासी उपचार ३५ दिवसांचा असतो. बायकांसाठी तिथे ‘निशिगंध’ हा वेगळा विभाग आहे. म्हणजे वेगळी सोय चांगलीच. पण ‘फक्त पुरुष’ या पाटीवरून आत डॉक्टर आहे की नुसतं कुलूप आहे, हे कळत नाही.

कायदा काय म्हणतो?

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ प्रमाणे दारू आणि ड्रग्जमुळे होणारा त्रास हा मानसिक आजारात धरला जातो. त्यामुळे असे उपचार देणाऱ्या केंद्राला राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी लागते. ‘आमची संस्था रजिस्टर आहे’ एवढं उत्तर चालत नाही. धर्मादाय आयुक्तांकडची ट्रस्टची नोंदणी वेगळी आणि उपचाराची नोंदणी वेगळी. प्रमाणपत्र डोळ्यांनी पाहावं, फोटो काढून ठेवावा.

माणूस स्वतःहून तयार असेल तर तो स्वतःच्या सहीने दाखल होतो, आणि स्वतःच्या सहीने बाहेरही पडू शकतो. तो निर्णय घेण्याच्या स्थितीत नसेल, तर नामनिर्देशित प्रतिनिधीच्या अर्जावर दाखल करता येतं. पण त्याआधी मानसोपचारतज्ज्ञासह दोघांनी त्याला स्वतंत्रपणे तपासलेलं हवं, आणि ही भरती एका वेळी जास्तीत जास्त ३० दिवसांची. साखळीने बांधायला कायद्यात पूर्ण बंदी आहे. रात्री चार जणांनी उचलून गाडीत टाकणं हा उपचार नाही.

सर्वात मोठा धोका पहिल्या आठवड्यात

रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम बंद केली तर हातपाय थरथरतात, फिट येऊ शकते. दोन-चार दिवसांत माणूस बरळायला लागतो, नसलेल्या गोष्टी दिसतात. वेळेवर औषध मिळालं नाही तर जीवही जातो. म्हणून ‘खोलीत कोंडा, आपोआप सुटेल’ हा गावाकडचा सल्ला जीवघेणा आहे. चहा-भाजीत गुपचूप औषध घालणंही तसंच. काही औषधांवर दारू पोटात गेली की रक्तदाब एकदम खाली येतो, आणि घेणाऱ्याला कारणच माहीत नसतं.

पैसे भरण्याआधी हे विचारा

• पहिल्या आठवड्यात डॉक्टर किती वेळा तपासतो? रात्री कोण असतं?
• फिट आली तर कोणत्या दवाखान्यात नेणार?
• घरच्यांना भेट आणि फोन कधीपासून?
• एकूण खर्च किती? औषधं त्यात धरली आहेत का? पावती मिळेल का?
• सुटी झाल्यावर वर्षभर कोण विचारपूस करणार?

आतल्या खोल्या दाखवायला नकार मिळाला, तर तिथूनच परत फिरलेलं बरं.

सुरुवात कुठून?

आधी सरकारी दवाखाना. जळगावचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किंवा धुळ्याचं भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय इथे केसपेपर काढून मानसोपचार विभागात दाखवता येतं. भरतीची गरज आहे का, हे तिथला डॉक्टर सांगेल. प्रत्येकालाच भरती लागत नाही. बऱ्याच जणांचं काम औषध आणि नियमित भेटींवर होतं. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आहे, तिथे सरकारी अनुदानावर चालणारं जवळचं केंद्र विचारता येतं. मनाच्या त्रासासाठी टेलि-मानस १४४१६ चोवीस तास चालू असते.

केंद्रातून माणूस महिना-सव्वा महिन्यात घरी येतो. पण तेच गाव, तोच पार, तेच दोस्त आणि तीच हातभट्टी त्याची वाट पाहत असतात. पुन्हा एकदा प्याला म्हणून ‘पैसे पाण्यात गेले’ म्हणायचं कारण नाही. साखर वाढली की शुगरवाल्याला पुन्हा डॉक्टरकडे नेतात, तसंच यालाही न्यायचं. आणि लग्नकार्यात ‘एक घोट घे ना भाऊ’ म्हणणाऱ्याला गावातल्याच कुणीतरी अडवलं, तर त्या घराचं निम्मं ओझं कमी होईल.