अहिंसेचा दिवस कसा पाळावा?

संयुक्त राष्ट्रसंघाच्या महासभेने १५ जून २००७ रोजी ठराव करून २ ऑक्टोबर हा गांधीजींचा जन्मदिन ‘आंतरराष्ट्रीय अहिंसा दिन’ म्हणून घोषित केला. आपल्याकडे गांधीजयंती साजरी करण्याची रीत त्याआधीच ठरून गेलेली आहे. सकाळी प्रतिमेला हार, दोन भाषणे, एक भजन आणि उरलेला दिवस सुट्टीचा! या रीतीत वाईट काही नाही. पण तिने कोणाचे भांडण मिटत नाही की कोणाचे भय कमी होत नाही. माझ्या मते हा दिवस केवळ स्मरणाचा नव्हे, तर कृतीचा असला पाहिजे.

भिलाईतील खुर्सीपारसारख्या कामगारवस्तीचा विचार केला म्हणजे ही गरज अधिक जाणवते. सोव्हिएत संघाशी १९५५ साली झालेल्या करारातून भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहिला आणि कामाच्या शोधात देशाच्या अनेक प्रांतांतून माणसे येथे आली. छत्तीसगढी, हिंदी, तेलुगू, ओडिया, मराठी अशा भाषा बोलणारी कुटुंबे शेजारी झाली. इतक्या विविध लोकांत शांतता आपोआप नांदत नाही. ती रोज जपावी लागते. या शहराने हिंसेची झळही सोसली आहे. कामगारनेते शंकर गुहा नियोगी यांची २८ सप्टेंबर १९९१ रोजी भिलाईत गोळी झाडून हत्या झाली. १ जुलै १९९२ रोजी रेल्वेमार्गावर ठाण मांडलेल्या कामगारांवर पोलिसांनी गोळीबार केला व त्यात अनेकांचे प्राण गेले. अशा शहरात अहिंसा हा केवळ फळ्यावर लिहिण्याचा सुविचार राहू शकत नाही.

मग समाजाने करावे तरी काय? याचे उत्तर छत्तीसगढच्याच इतिहासात सापडते. १९२० साली धमतरीजवळच्या कंडेल गावातील शेतकऱ्यांवर कालव्याचे पाणी चोरल्याचा आरोप ठेवून इंग्रज सरकारने दंड बसवला. पंडित सुंदरलाल शर्मा, नारायणराव मेघावाले आणि छोटेलाल श्रीवास्तव यांच्या नेतृत्वाखाली गावाने तो भरण्यास नकार दिला. सरकारने गुरे जप्त करून बाजारात लिलावास काढली. परंतु बोली लावण्यास कोणी पुढे आले नाही. अखेर सरकारला माघार घ्यावी लागली. येथे केवळ कंडेलच्या शेतकऱ्यांचेच नव्हे, तर बाजारातील अनोळखी माणसांचेही मोठेपण दिसते. स्वस्तात मिळणारा बैल त्यांनी नाकारला. दुसऱ्याच्या दुःखातून मिळणारा लाभ नाकारणे ही अहिंसेची पहिली पायरी होय.

महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २००७ पासून ‘महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम’ सुरू झाली. गावातील तंटे गावानेच सामोपचाराने मिटवावेत, हा तिचा हेतू. वस्तीलाही हा मार्ग धरता येईल. नळावरचा पाण्याचा क्रम, मिरवणुकीचा मार्ग, ध्वनिक्षेपकाचा आवाज यांपैकी एखादा वाद त्या दिवशी सर्वांनी मिळून सोडवावा. निरनिराळ्या भाषांच्या स्त्री-पुरुषांची एक समिती नेमावी. अफवा पसरताच तिने दोन्ही बाजूंच्या घरी जाऊन खरे काय ते सांगावे.

मात्र एक सावधगिरी हवी. शांतता म्हणजे दुर्बळाला गप्प बसवणे नव्हे. मजुरी बुडालेल्या कामगाराला किंवा घरात मार खाणाऱ्या स्त्रीला ‘मिटवून टाका’ असे सांगणे ही अहिंसा नसून अन्यायाला दिलेली साथ आहे. तेथे समाजाने पीडिताच्या पाठीशी उभे राहून त्याला कायद्याचे साहाय्य मिळवून दिले पाहिजे. न्याय नसलेली शांतता फार काळ टिकत नाही.

प्रतिमेला हार अवश्य घालावा. पण संध्याकाळी आपण स्वतःला एवढेच विचारावे : आज आपल्या वस्तीत कोणाचे भय थोडे तरी कमी झाले काय? उत्तर ‘होय’ असेल, तर तो दिवस खऱ्या अर्थाने अहिंसेचा झाला.