आत्याचा आहेर आणि सातबारा



गुहागरच्या कातळात काजूसाठी खड्डे मारणे परवडले, पण सातबाऱ्यावरच्या सगळ्यांच्या सह्या जमवणे नको, अशी आपली गत आहे. तालुक्यातल्या एका कुटुंबाचा फळबाग योजनेचा अर्ज भरायला आम्ही बसलो. उताऱ्यावर एकवीस नावे. मुंबईकरांचा पत्ता लागला, वारलेल्यांचे वारस सापडले. घोडे अडले ते एका आत्यापाशी. नावापुढे 'कोम' आणि नवऱ्याचे नाव, बस्स. कोम म्हणजे बायको. गाव नाही, आडनाव नाही.

बाईचा माग काढणे असे कठीणच. लग्नात आडनाव बदलते ते बदलतेच, तांदळाच्या ताटात अंगठीने नवे नाव लिहिले की पाळण्यातलेही पुसले जाते. कोतवाल बुकात जन्म-मृत्यू मिळतात, लग्न मिळत नाही. विवाह नोंदणीचा कायदा १९५३ सालीच झाला होता, पण पंगती उठल्यावर कचेरीत जातो कोण? नर्सरीत आम्ही प्रत्येक कलमाचे मातृझाड लिहून ठेवतो. माणसांच्या बाबतीत ती अक्कल आपण वापरली नाही.

शेवटी माळ्यावरच्या ट्रंकेत आहेराची वही निघाली. १९५८ सालच्या लग्नात आत्याचा आहेर लिहिलेला: एक भांडे, पाच रुपये, यजमानांचे पूर्ण नाव आणि दाभोळ खाडीपलीकडचे गाव. तरीतून पलीकडे गेलो. तिच्या नातवाच्या घरीही अशीच वही होती आणि तीत 'मामाकडून' म्हणून आमच्या अर्जदाराच्या आजोबांचे नाव! वही हा काही कायद्याचा वारस दाखला नव्हे. पण कोणाचे दार ठोठवायचे ते तिने सांगितले. पुढे प्रतिज्ञापत्र, वारस नोंद, फेरफार रीतसर झाले.

घरातले एकजण आधी म्हणालेच होते, "शोधता कशाला? हिस्सा मागतील." हे आपल्यातले बरेचजण मनात म्हणतात. वगळलेला वारस गप्प बसेल या भरवशावर कलमे लावायची आणि बाग फळावर आली की कोर्टाची नोटीस घ्यायची, यात शहाणपण कसले? त्या नातवाने संमती दिली, आजीचे नाव मात्र कमी करू दिले नाही. बरोबर केले.

लग्नाच्या तारखेवर तर मुलींचा हक्कच टांगलेला होता. महाराष्ट्राच्या १९९४ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हिस्सा दिला, पण २२ जून १९९४ पूर्वी लग्न झालेल्या मुली वगळल्या. केंद्राच्या कायद्याने ९ सप्टेंबर २००५ पासून ती अट गेली. त्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केले. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या मात्र उकरता येत नाहीत. बहिणीला साडी नेसवून हक्कसोडपत्रावर अंगठा घेणाऱ्यांनी या तारखा तिलाही वाचून दाखवाव्यात.

जिल्हा बैठकीला येताना सातबारा, जुने फेरफार आणि घरात असतील त्या लग्नपत्रिका व आहेराच्या वह्या आणा. वाळवी लागलेली पाने फेकू नका. आणि घरातल्या म्हाताऱ्या आत्यांना सोबत आणा, त्यांना तोंडपाठ असते.