पेटीतलं ईएसआय कार्ड बाहेर काढा
निवृत्त कामगार, ज्येष्ठ नागरिक आणि दिव्यांग बंधू-भगिनींना जाहीर आवाहन



माझ्या शेजारी एक लेथ ऑपरेटर राहतात. त्यांची सव्वीस वर्षं भोसरीत गेली. रिटायर झाले त्या दिवशी त्यांनी युनिफॉर्मबरोबर ईएसआयचं (कर्मचारी राज्य विमा योजनेचं) कार्डही घडी घालून पत्र्याच्या पेटीत ठेवून दिलं. पीएफची पेन्शन हजार-दीड हजार. त्यात बीपीच्या आणि शुगरच्या गोळ्या मेडिकलमधून विकत. महिनाअखेर आली की गोळी एक दिवसाआड. सहा वर्षं त्यांनी असे दिवस काढले. वर्षाला १२० रुपये भरले असते तर त्यांना आणि वहिनींना ईएसआयच्या दवाखान्यातून औषधं मिळाली असती. हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मीही नाही, कारण मलाही ते ठाऊक नव्हतं.

म्हणून हे आवाहन. कंपनीच्या गेटबाहेर पडलो म्हणजे उपचाराचा हक्क संपला, असा समज आपल्या पट्ट्यात पिंपरीपासून चाकणपर्यंत घट्ट बसला आहे. तो खोटा आहे.

आधी ईएसआयचं. किमान पाच वर्षं विमाधारक राहून वयोमानानुसार किंवा स्वेच्छानिवृत्ती घेऊन बाहेर पडलेल्या कामगाराला महिना १० रुपये, म्हणजे वर्षाचे १२० रुपये एकरकमी आगाऊ भरून, स्वतःसाठी आणि जोडीदारासाठी वैद्यकीय लाभ चालू ठेवता येतो. कामगार वारला तरी त्याच्या पत्नीला तेवढीच रक्कम भरून तो पुढे चालू ठेवता येतो. आपल्या वस्त्यांमधल्या कितीतरी विधवा माउलींना हे माहीत नाही. त्यांना मुद्दाम सांगा.

पॉवर प्रेसवर बोटं गेली, हात गेला आणि काम सुटलं, अशी माणसं आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. कामावरच्या अपघाताने कायमचं अपंगत्व येऊन नोकरी सुटली असेल, तर त्यांनाही निवृत्तीचं वय होईपर्यंत याच दराने उपचार मिळतात. शिवाय मेडिकल बोर्डाने ठरवलेल्या टक्केवारीप्रमाणे दरमहा मिळणारी रक्कम वेगळी, आणि ती आयुष्यभराची. कंत्राटी कामगारांनी पाच वर्षांची मोजणी करताना जुन्या ठेकेदाराकडची नोंदही काढावी. पाच वर्षं एकाच मालकाकडे झालेली असण्याची गरज नाही.

ईएसआयची पगारमर्यादा २१,००० रुपये आहे, दिव्यांग कामगारांसाठी २५,०००. नोकरीच्या शेवटच्या काळात पगार मर्यादेच्या वर गेल्यामुळे जे योजनेबाहेर पडले, त्यांनीही आशा सोडू नये. पगार ३०,००० रुपयांपर्यंत असलेल्या अशा निवृत्तांसाठी ईएसआय महामंडळाने फेब्रुवारी २०२४ मध्ये अटी सैल केल्या. आपण त्यात बसतो का, हे कागद घेऊन शाखा कार्यालयात विचारा.

आता सत्तरी ओलांडलेल्यांचं. २९ ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड सुरू झालं आहे. वय ७० पूर्ण असलं की पुरे. उत्पन्न विचारत नाहीत. कुटुंबातल्या सत्तरीपुढच्या सगळ्यांना मिळून वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार योजनेतल्या रुग्णालयात मोफत होतात. जुना आजार पहिल्या दिवसापासून धरला जातो. घरात आधीच आयुष्मान कार्ड असेल, तर ज्येष्ठांना हे ५ लाख वेगळे मिळतात. मात्र हे संरक्षण रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे. रोजच्या गोळ्या त्यात बसत नाहीत. ईएसआय असलेल्यांना आणि खासगी पॉलिसी असलेल्यांनाही वय वंदना घेता येतं. म्हणून रोजच्या औषधांसाठी ईएसआय आणि ऑपरेशनसाठी वय वंदना, अशी दोन्ही कार्डं जवळ ठेवा. देहूरोड, खडकीच्या आयुध निर्माणीतून निवृत्त झालेल्या सीजीएचएसधारकांना (केंद्र सरकारी आरोग्य योजना) आणि ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) असलेल्या माजी सैनिकांना मात्र दोन्हींपैकी एकच निवडावं लागतं. त्यांनी घाई करू नये. सीजीएचएसमध्ये रोजची औषधंही मिळतात, हे ध्यानात घेऊनच ठरवावं.

ज्यांची सत्तरी झालेली नाही, त्यांनी महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना विसरू नये. पूर्वी ती मुख्यतः पिवळ्या-केशरी रेशनकार्डापुरती होती. आता पांढऱ्या कार्डासह राज्यातल्या सर्व कुटुंबांना ती लागू आहे आणि संरक्षणही ५ लाखांचं आहे. रेशनकार्ड साताऱ्याचं असो की लातूरचं, उपचार इथेही घेता येतात. योजनेतल्या रुग्णालयात शिरल्यावर पहिल्यांदा आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेच्या मदतनिसाचं, टेबल गाठा. पैसे भरल्यानंतर नव्हे, भरण्याआधी.

दिव्यांगांच्या पालकांना एक विनंती. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असेल, तर नॅशनल ट्रस्टची ‘निरामय’ योजना आहे. तिचं संरक्षण वर्षाला १ लाख रुपयांचं आहे. त्यात दाखल न होता घेतलेले उपचार आणि थेरपीही येते. वयाची अट नाही, आधी तपासणीही नाही. नोंदणी दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांना २५० रुपयांत, इतरांना ५०० रुपयांत होते. त्यासाठी दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. ते काढलं नसेल तर यूडीआयडीच्या (दिव्यांग ओळखपत्राच्या) अर्जापासून सुरुवात करा. मुलाला लोक काय म्हणतील म्हणून प्रमाणपत्र टाळणारे आई-बाप मी पाहिले आहेत. त्यांना हात जोडून सांगतो, त्या कागदाने मूल लहान होत नाही, त्याच्या उपचाराची वाट मोकळी होते.

या महिन्यात एवढं करा :

१. आधार, रेशनकार्ड, ईएसआयचा आयपी (विमाधारक) नंबर आणि निवृत्तीचं पत्र एका पिशवीत ठेवा.

२. नावं जुळवून पाहा. आधारवर ‘शेवंता’ आणि रेशनकार्डावर ‘सेवंताबाई’ असेल, तर दुरुस्ती आताच करा. गावाकडून आलेल्या आपल्यापैकी अनेकांच्या आधारवर जन्मतारीख १ जानेवारी पडली आहे. वय वंदनासाठी वय आधारवरूनच धरतात. वर्ष चुकलं असेल तर हक्क लांबतो.

३. आधारला चालू मोबाइल नंबर जोडा. आयुष्मान अ‍ॅपवर किंवा योजनेतल्या रुग्णालयात कार्ड काढून घ्या. त्याला पैसे लागत नाहीत. कुणी मागितले तर देऊ नका आणि ओटीपी सांगू नका.

४. हे नंबर भिंतीवर लिहून ठेवा : आयुष्मानसाठी १४५५५, फुले योजनेसाठी १५५३८८.

माझ्याही घरात एकदा रात्री धावपळ झाली. पत्नीला दाखल करून घेतलं आणि काउंटरवर कार्ड मागितलं. ते काढलेलंच नव्हतं. पहाटे चार वाजता मुलगा रेशनकार्ड शोधत कपाटातल्या साड्या उपसत होता. तसा प्रसंग तुमच्यावर येऊ नये.

आपण या शहराच्या मशीनवर आयुष्य घातलं. दर महिन्याच्या पगारातून ईएसआयची वर्गणी कापली गेली ती आपलीच. त्यामुळे हा लाभ मागताना मान खाली घालायचं कारण नाही.

शेवटी एकच मागणं. हे वाचून झालं की आपल्या मजल्यावरच्या, आपल्या गल्लीतल्या एका निवृत्त माणसाच्या घरी जा. चहा घ्या आणि विचारा, ‘दादा, ईएसआयचं जुनं कार्ड कुठंय?’ पेटी उघडेपर्यंत तिथून उठू नका.

आपला,
एक निवृत्त कामगार
पिंपरी-चिंचवड