गाव त्यांना दाखवू द्या

दिवाळीची सुटी जवळ आली की घरोघर सहलीचे बेत ठरू लागतात. पुण्या-मुंबईत स्थायिक झालेल्या वऱ्हाडी कुटुंबांत अशा वेळी घरातील ज्येष्ठांची एक हलकी सूचना पुढे येते : "एकदा अमरावतीला जाऊन येऊ," किंवा "अकोल्याचे घर एकदा बघायचे आहे." ही सूचना बहुधा आग्रहाशिवाय केलेली असते आणि म्हणूनच ती मागे पडते. मुलांना चिखलदरा पाहायचा असतो. मग "वाटेत तासभर अमरावतीला थांबू" अशी तडजोड होते. त्या तासात गाडीच्या काचेतून राजकमल चौक दिसतो, अंबादेवीचे दर्शन घाईने उरकते आणि गाडी परतवाड्याच्या रस्त्याला लागते. मागच्या आसनावरचे आजी-आजोबा गप्प झालेले असतात. इच्छा पूर्ण झाली, असे बाकीच्यांना वाटते. प्रत्यक्षात ती भेट झालेलीच नसते.

जुन्या गावाची भेट ही ज्येष्ठांच्या मनःस्वास्थ्याच्या दृष्टीने मोलाची गोष्ट आहे. परंतु ती नीट योजली नाही तर मनाला आणि शरीरालाही त्रास देऊ शकते. म्हणून या वेळी तिच्या तयारीचा विचार करू.

ओढ हा आजार नव्हे

गावाची ओढ हा एके काळी खरोखरच आजार समजला जात असे. १६८८ मध्ये बाझल येथील योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात 'नॉस्टॅल्जिया' हा शब्द घडवला. घरी परतणे आणि वेदना या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांपासून तो तयार झाला. मायदेशापासून दूर असलेल्या स्विस लोकांना होणारी व्याधी म्हणून होफरने तिचे वर्णन केले होते. पुढे वैद्यकाची दृष्टी बदलली. १९६३ मध्ये रॉबर्ट बटलर या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञाने असे मांडले की, वृद्धापकाळी मागील आयुष्याकडे पुन्हा पुन्हा वळून पाहणे हे मन दुबळे झाल्याचे लक्षण नाही. आयुष्याचा हिशेब जुळवण्याची ती स्वाभाविक प्रक्रिया आहे. "आजोबा तेच तेच सांगतात" अशी तक्रार करण्यापूर्वी हे ध्यानात घ्यावे.

आणखी एक गोष्ट अभ्यासकांना दिसून आली आहे. उतारवयात आयुष्याच्या आठवणी विचारल्या तर साधारण दहा ते तीस या वयातील आठवणी विशेष संख्येने वर येतात. शाळा, पहिली नोकरी, लग्न, पहिले बिऱ्हाड हे सारे त्याच काळातले. ज्यांचा तो काळ अंबागेटच्या आत किंवा जठारपेठेत गेला, त्यांच्या मनात आजही तेच गाव ठळक असते. पुण्यात तीस वर्षे राहूनही पत्ता सांगताना त्यांच्या तोंडी आधी जुन्या घराची खूण येते, ती यामुळेच.

त्या गावात ते कोण होते?

शहरातील मुलाच्या घरी राहणाऱ्या ज्येष्ठांची सेवा उत्तम होत असली, तरी एक गोष्ट त्यांच्या हातून निसटलेली असते. तेथे ते कुणाचे तरी वडील किंवा कुणाची तरी आजी असतात. सोसायटीत त्यांना ओळखतात ते मुलाच्या नावाने. गावात मात्र त्यांची स्वतःची ओळख होती. कुणी शाळेत गणित शिकवलेले असते, कुणी कापसाच्या बाजारात हिशेब लिहिलेले असतात, कुणी कृषी विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर वाणांच्या नोंदी ठेवलेल्या असतात. १९१४ साली स्थापन झालेल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात तरुणपणी मल्लखांब केलेला माणूस आज काठी टेकत चालत असेल. पण त्या मैदानापाशी उभा राहिला की तो नातवाला प्रथमच स्वतःचे बळ सांगू शकतो. याच मंडळाच्या चमूने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली होती, हे नातवाला कळले की आजोबांच्या कथनाला वजन येते.

म्हणून माझे सांगणे एवढेच आहे की, ज्येष्ठांना गाव दाखवायला नेऊ नये. गाव त्यांना दाखवू द्यावे. निदान एक पूर्ण दिवस त्यांच्या ताब्यात असावा. कोठे जायचे, कोणत्या गल्लीने जायचे, कोठे थांबायचे हे त्यांनी ठरवावे. निघण्यापूर्वी दोन-तीन संध्याकाळी नातवंडांनी त्यांच्याजवळ बसून जुन्या मोहल्ल्याचा नकाशा कागदावर काढून घ्यावा : घर, विहीर, पिठाची गिरणी, शाळा, देऊळ, सायकलचे दुकान. मोर्णेच्या पश्चिमेचे जुने अकोला, असदगड, राजराजेश्वराचे मंदिर आणि श्रावणात पूर्णेचे पाणी घेऊन येणाऱ्या कावडी यांची हकीकत या निमित्ताने आपोआप निघते. तो कागद सोबत घ्यावा. तेथे गेल्यावर "हे राहिले, हे गेले" अशा खुणा त्यावर करता येतात आणि ज्येष्ठ आपोआप वाटाडे होतात.

भाषेचेही असेच. पुण्यात पुस्तकी मराठी बोलणारी आजी बडनेऱ्याला उतरताच "काहून बाप्पा, ओळखलं नाही का?" असे सहज बोलून जाते. मुलांनी तेव्हा हसू नये. वर्षानुवर्षे बाजूला ठेवलेली तिची बोली त्या क्षणी परत आलेली असते.

गाव बदललेले असणार

जून २०२२ मध्ये अमरावती आणि अकोला जिल्ह्यांदरम्यान राष्ट्रीय महामार्गावर ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत सलग टाकला गेला व त्याची गिनीज बुकात नोंद झाली. रस्ता पाच दिवसांत नवा होतो, मनातला रस्ता मात्र तितक्या वेगाने बदलत नाही. ज्यांचे बालपण मूर्तिजापूर-अचलपूर मार्गावरच्या शकुंतलेच्या डब्यात हिंदकळत गेले, ज्यांनी १९९४ पर्यंत तिचे वाफेचे इंजिन पाहिले, त्यांना आज गवतात बुडालेले रूळ पाहावे लागतात.

हा धक्का टाळता येत नाही, मात्र सौम्य करता येतो. निघण्याआधी एखाद्या नातलगाला किंवा जुन्या शेजाऱ्याला दूरध्वनी करून घर उभे आहे की पाडले, वाडा विकला गेला काय, जुन्या मंडळींपैकी कोण आहे आणि कोण नाही, हे विचारून घ्यावे. जिवलग मैत्रीण गेल्याचे तिच्याच दारात उभे राहून कळणे फार कठीण जाते. ते घरी, आपल्या माणसांत, आधीच कळलेले बरे. जुन्या घरात आता दुसरे कुटुंब राहत असेल तर त्यांची परवानगी आधी घ्यावी. नकार मिळाला तर समोरच्या ओट्यावर दहा मिनिटे बसूनही भेट होते.

तेथे डोळ्यांत पाणी आले तर लगेच समजूत घालू नये, विषय बदलू नये, फोटोसाठी हसायला सांगू नये. जवळ बसावे. परतल्यावर चार-आठ दिवस मन जड राहणे स्वाभाविक आहे. दोन आठवड्यांनंतरही झोप, भूक आणि रोजच्या गोष्टींतील रस परत आला नाही, तर मात्र डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

शरीराची तयारी

वऱ्हाडची भेट एप्रिल-मे महिन्यांत ठेवू नये. अकोला व अमरावतीचे तापमान उन्हाळ्यात ४५ अंशांच्या घरात जाते. वाढत्या वयात तहानेची जाणीव मंदावते. लघवी वाढवणारी किंवा रक्तदाबाची औषधे चालू असतील तर उष्म्याचा धोका अधिक. लहानपणी हेच ऊन सोसले होते, हा युक्तिवाद सत्तरीनंतर उपयोगाचा नाही. दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ उत्तम. चिखलदरा मात्र सुमारे १,१०० मीटर उंचीवर आहे. तेथील पहाटेच्या थंडीसाठी कानटोपी व गरम कपडे हवेतच. दमा किंवा हृदयविकार असलेल्यांनी ऊन वर आल्यावरच बाहेर पडावे.

मुंबईहून रात्रीच्या गाडीने येताना खालचा बर्थ मिळेल असे पाहावे. मोटारीने येत असल्यास दर दोन तासांनी उतरून पाच मिनिटे चालावे आणि बसल्या बसल्याही घोटे हलवत राहावे. वारंवार उतरावे लागेल म्हणून पाणी कमी पिऊ नये. प्रवासानंतर एकाच पायाला सूज व दुखणे जाणवले, किंवा दम लागू लागला, तर विलंब न करता वैद्यकीय मदत घ्यावी. औषधे मोठ्या बॅगेत न ठेवता हाताशी, आणि ठरलेल्या दिवसांपेक्षा तीन-चार दिवस अधिक पुरतील इतकी असावीत. इन्सुलिन उन्हात उभ्या गाडीत राहू देऊ नये. औषधांची चिठ्ठी मोबाइलमध्ये तर हवीच, शिवाय कागदावरही हवी.

खाण्यापिण्याचा प्रश्न नाजूक असतो, कारण तेथे प्रेमाने वाढले जाते. झुणका-भाकर, ठेचा, रोडगे आणि वांग्याची भाजी, कढी-गोळे, अमरावतीचा गिला वडा यांची चव घेणे हा भेटीचाच भाग आहे. त्यास बंदी घालू नये, प्रमाण ठरवावे. खरी अडचण येते ती एका दिवसात पाच घरी जाण्याने. प्रत्येक घरी चहा, चिवडा आणि लाडू, आणि जेवण मात्र दुपारी तीनला! मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांची साखर अशा वेळी वर जाते किंवा एकदम खाली येते. दिवसाला दोनच घरे ठेवावीत आणि जेवणाची वेळ यजमानांना आधी सांगावी. संत्री आवडीने खावीत. मात्र मूत्रपिंडाचा विकार असून पोटॅशियमचे पथ्य असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच.

मूळ गाव पूर्णेच्या खोऱ्यात असेल तर आणखी एक सावधगिरी हवी. अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांत पसरलेल्या खारपाणपट्ट्यात जमिनीखालील पाणी खारे आहे. आज पुष्कळ ठिकाणी नळाचे गोडे पाणी पोहोचले आहे. तरीही विहिरीचे किंवा बोअरचे पाणी "आम्ही हेच पीत मोठे झालो" म्हणून आग्रहाने प्यायले जाते. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी ते टाळावे.

आणि शेवटी, पडणे. जुन्या घरात पाय आठवणीने पडतात. उंबरठा, अंगणाची पायरी, अंधारा जिना या सर्वांचे माप अंगात बसलेले असते, म्हणून खाली न पाहता पाऊल टाकले जाते. परंतु पायरी बदललेली असते, फरशी गुळगुळीत झालेली असते आणि गुडघाही पूर्वीचा नसतो. अशा घरात पहिली फेरी कुणाचा तरी हात धरूनच करावी. रात्री मुक्काम असल्यास शौचालय कोठे व कसे आहे ते दिवसाच पाहून ठेवावे आणि उशाशी विजेरी असू द्यावी.

स्मृतिभ्रंश असल्यास

अशा रुग्णांची काळजी घेणाऱ्यांना "मला घरी जायचे आहे" हे वाक्य परिचित असते. ते ऐकून वाटते, एकदा अकोल्याला नेले की समाधान होईल. तसे होईलच असे नाही. त्या वाक्यातील घर पुष्कळदा पत्त्यावरचे नसते. सुरक्षित वाटणे, आईची हाक, ओळखीचा आवाज असे काही त्यांना हवे असते. जुन्या घरासमोर उभे राहूनही त्या "घरी चला" म्हणू शकतात. तेव्हा "हेच तर घर!" असा वाद घालू नये. "घरी कोण कोण असायचे?" असे विचारावे आणि ऐकावे.

आजार प्रारंभीच्या अवस्थेत असेल तर भेट आनंदाची होऊ शकते. ती सकाळी, थोड्या वेळाची आणि मोजक्या माणसांत असावी, कारण संध्याकाळी गोंधळ वाढण्याची शक्यता असते. भेटायला येणाऱ्यांनी "ओळखलं का मला?" अशी परीक्षा घेऊ नये, स्वतःच नाव व नाते सांगावे. खिशात नाव व दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी ठेवावी आणि गर्दीत क्षणभरही एकटे सोडू नये. आजार पुढे गेला असेल तर प्रवासापेक्षा घरीच जुनी छायाचित्रे, गाणी आणि ओळखीचे वास अधिक सुखावह ठरतात.

जे जाऊ शकत नाहीत

काहींना प्रवास झेपणारच नाही. त्यांच्यासाठीही वाट आहे. गो. नी. दांडेकर १९१६ साली परतवाड्यास जन्मले, वयाच्या तेराव्या वर्षी घर सोडून गेले आणि पुढे तळेगाव दाभाडे येथे स्थिरावले. पण पूर्णाकाठचे जीवन त्यांनी 'पूर्णामायची लेकरं' या कादंबरीत वऱ्हाडी बोलीतच उभे केले. दूर राहूनही गाव माणसात किती जिवंत असते याचा हा दाखला. आपल्या घरातील ज्येष्ठ लेखक नसतील. पण त्यांना बोलते केले तर मोबाइलवर त्यांचा आवाज नोंदवून ठेवता येतो. कुणी गावी जाणार असेल तर त्याने त्याच गल्लीतून दृश्य-संवाद साधावा आणि अंथरुणावरील आजोबांना विचारावे, "आता डावीकडे वळू की सरळ जाऊ?"

या दिवाळीत सहलीची आखणी करताना एक दिवस वेगळा काढून ठेवा. त्या दिवसाचा कार्यक्रम तुम्ही लिहू नका. कागद आणि पेन्सिल ज्येष्ठांच्या हाती द्या, आणि ते म्हणतील तेथे गाडी थांबवा.