सौरपंपांचा कारागीर गावचाच हवा

नांदेड व लातूर या दोन जिल्ह्यांत हिंडताना विहिरींच्या काठी काळसर निळ्या काचांच्या चौकटी आता जागोजाग दृष्टीस पडतात. रात्रीच्या पाळीची वीज, हाती बॅटरी व पायाखाली सर्पाचे भय, हे ज्यांनी भोगले आहे त्यांस दिवसा पाणी देण्याचे सुख आम्ही निराळे सांगावयास नको. सन २०२४ मध्ये निघालेल्या ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत शेतकऱ्याने १० टक्के, व अनुसूचित जातिजमातींच्या शेतकऱ्याने ५ टक्केच रक्कम भरावयाची असते. येथवर सर्व ठीक आहे. आमचा प्रश्न त्यापुढचा आहे : या यंत्रांची निगा कोणी राखावयाची?

गेल्या हरभऱ्याच्या हंगामात आमच्या शेजारील एका शेतकऱ्याचा पंप बंद पडला. तक्रार त्याच दिवशी नोंदविली. कारागीर परजिल्ह्यातून यावयाचा. तो सतराव्या दिवशी आला, आणि पाऊण तासात काम उरकून गेला. नियंत्रकपेटीतील एक जोड सैल झाला होता, इतकेच! पाच वर्षांच्या मोफत दुरुस्तीची हमी कागदोपत्री होती. फुलोऱ्यातले पाणी मात्र चुकले ते चुकलेच. त्याच गावचे दोन मुलगे औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून वीजतंत्री होऊन पुण्याकडे कंत्राटी कामावर खोलीभाडे भरीत आहेत.

सौर वाहिनीच्या मोठ्या प्रकल्पांतून गावोगाव नोकऱ्या मिळतील, असे कित्येक सांगतात. सन २०२३ च्या योजनेत जमिनीस हेक्टरी सालीना १,२५,००० रुपये भाडे व दरसाल ३ टक्के वाढ ठरली आहे. मुरमाड पडीक रानास हे उत्पन्न थोडे नव्हे. (बागायती जमीन मात्र कोणी देऊ नये, आणि पट्टा झाल्यावर सातबाराच्या इतर हक्कांत काय लिहिले गेले ते स्वतः वाचावे. महसुलात उमर घालविलेल्याचे हे सांगणे आहे.) परंतु उभारणी संपली की तेथे पहारेकरी, गवत काढणारे व काचा धुणारे एवढीच माणसे उरतात. कायमची मजुरी शिवारभर विखुरलेल्या पंपांत अधिक आहे, असे आमचे मत आहे.

हे काम अवघड नाही, पण अडाण्याचेही नाही. ऊन असेपर्यंत काचांतून वीज निघतच राहते. ती कळ दाबून थांबत नाही, म्हणून न शिकता तारांस हात लावणे जिवावर बेतेल. शिवाय हमीच्या मुदतीत परस्पर पेटी उघडल्यास पुरवठादार अंग काढून घेईल. यास्तव त्यानेच प्रत्येक महसुली मंडळात स्थानिक मुलगा वा मुलगी नेमावी, असा आग्रह आपल्या संस्थेने धरावा. केंद्र सरकारचे ‘सूर्यमित्र’ प्रशिक्षण सन २०१५ पासून निघाले आहे. तशा शिक्षणासाठी संस्थेने होतकरू मुलांच्या जाण्यायेण्याचा व जेवणाचा खर्च सोसावा. हमी संपल्यावर पंपामागे अल्पशी वर्गणी ठेवल्यास त्यांचा चरितार्थ चालेल.

हाच कारागीर पंप किती तास चालविणे विहिरीस सोसेल तेही सांगू शकेल. सन २०१६ मध्ये मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागलेल्या लातुरास हे समजावयास हवे.

येत्या वार्षिक सभेत आम्ही ही सूचना मांडणार आहोत. ज्यांचे पंप बंद पडले असतील त्यांनी तक्रारीची तारीख व कारागीर आल्याची तारीख, अशा दोन्ही टिपून आणाव्या.