अतिकुशल म्हणजे किती युरो?

नेदरलँड्समध्ये नोकरीसाठी येणाऱ्या आपल्यातल्या बहुतेक इंजिनियरांना जो परवाना मिळतो, त्याचं डच नाव ‘केनिसमिग्रांट’. केनिस म्हणजे ज्ञान. इंग्रजीत त्याचं ‘हायली स्किल्ड मायग्रंट’ होतं आणि पुण्या-नाशकातल्या फॅमिली ग्रुपवर पोचेपर्यंत त्याचं ‘युरोपने हुशारीवर मारलेला शिक्का’ होतं. मग पेढे वाटले जातात. पेढे जरूर वाटा. पण ते हुशारीचे नाहीत, पगाराचे आहेत.

ही योजना २००४ पासून चालू आहे. तिच्यात ज्ञान मोजायची मुख्य पट्टी एकच: महिन्याचा पगार. २०२५ सालचा आकडा तीस किंवा त्यावरच्या वयासाठी ५,६८८ युरो, तिशीच्या आतल्यांसाठी ४,१७१ होता. दोन्ही कर कापण्याआधीचे, सुट्टीचा आठ टक्के भत्ता सोडून. तिथेच शिकून निघालेल्यांना रेषा कमी आहे, काही संशोधक आणि शिकाऊ डॉक्टरांना सूट आहे. बाकी सगळ्यांना हीच पट्टी.

आणि डिग्री? एम-थ्रीत गटांगळ्या खात मिळवलेली ती डिग्री कंपनी बघेल. पण परवाना देणारं खातं, म्हणजे आयएनडी, आपल्यासारख्यांकडे ती मागत नाही. नगरपालिकेत नाव नोंदवायला जन्मदाखला अपोस्टिल करून लागतो. म्हणजे मी जन्मलो याचा पुरावा हवा, मला काही येतं याचा नको. ते माझ्या पेस्लिपवरून ठरतं.

यावर नेहमीचं उत्तर असं: बाजार जो पगार देतो तोच कौशल्याचा खरा पुरावा, सरकारी बाबूने परीक्षा घेण्यापेक्षा हे बरं. यात तथ्य आहे. अमेरिकेच्या एच-वन-बीसारखी इथे लॉटरी नाही. मान्यताप्राप्त कंपनीने अर्ज केला तर काही आठवड्यांत निकाल लागतो. जोडीदाराला पहिल्या दिवसापासून कुठलंही काम करता येतं. शिवाय पगाराची रेषा असल्यामुळे आपल्याला स्वस्तातले मजूर म्हणून आणता येत नाही. हे सगळं मान्य.

पण पगारच कौशल्य असेल, तर तिसाव्या वाढदिवशी मध्यरात्री नेमकं काय घडतं? मी पुढच्या वर्षी तीस पूर्ण करेन. त्याच कंपनीत राहिलो तर कमी रेषा चालू राहील. कंपनी बदलली की मोठी रेषा लागू. २०२५ च्या आकड्यांनुसार फरक महिना १,५१७ युरोंचा होता. कोड तोच, डोकं तेच, लॅपटॉपवरचे स्टिकरही तेच. वाढदिवसाला सरकारकडून मिळणारा सल्ला एवढाच: आहेस तिथेच गप बस.

हीच खरी गोम आहे. हा परवाना माझ्या नावावर असला तरी त्याची दोरी कंपनीच्या हातात आहे. अर्ज ती करते, हमी ती देते. नोकरी गेली तर दुसरी शोधायला जास्तीत जास्त तीन महिने, आणि परवाना त्याआधीच संपत असेल तर तेवढेही नाहीत. मूल झालं म्हणून आठवड्याला चार दिवस काम करायचं ठरवलं, तर इथल्या सहकाऱ्याचा फक्त पगार कमी होतो. माझा पगार रेषेखाली गेला तर परवानाच धोक्यात येतो, कारण दिवस कमी झाले म्हणून रेषा खाली येत नाही. अशा माणसाने अप्रेझलच्या मीटिंगमध्ये किती जोरात बोलावं? गंमत म्हणजे ‘डिपेंडंट’ म्हणवणारी बायको उद्या बेकरीत काम करू शकते, परवा स्टार्टअपमध्ये. नोकरी निवडण्यात ‘अतिकुशल’ नवऱ्यापेक्षा ती मोकळी. फक्त तिचा परवाना नवऱ्याच्या परवान्याला टांगलेला.

माझा खरा राग मात्र डच सरकारवर नाही. त्यांनी त्यांच्या सोयीचा हिशेब मांडलाय आणि आकडा उघड लिहिलाय. राग आपल्यावर आहे. आम्स्टलव्हेन-आइंडहोवनमधल्या आपल्या गप्पांत एक वाक्य हमखास येतं: “आपण तसले स्थलांतरित नाही, आपण स्किल्ड.” तसले म्हणजे कोण? ग्रीनहाउसमध्ये टोमॅटो तोडणारा, गोदामात रात्रपाळी करणारा, युद्धातून पळून आलेला. वेल्डरच्या हातात कौशल्य नसतं? बारा तास वॉर्ड सांभाळणाऱ्या नर्सला ज्ञान नसतं? त्यांचा पगार रेषेखाली असेल, तर हा दरवाजा त्यांना बंद. बस, तेवढाच फरक. ही सवय आपण घरून आणलीय. हिंजवडीचे टॉवर बांधणाऱ्या परप्रांतीयाला ‘लोंढा’ म्हणायचं आणि त्याच टॉवरमधून उडून आपण परदेशात गेलो की स्वतःला ‘टॅलेंट’ म्हणायचं.

उद्या निवडणुकीत वारं फिरलं, रेषा हजार युरोंनी वर सरकली, तर आजचा अतिकुशल एका रात्रीत ‘तसला’ होईल. तेव्हा आपल्या बाजूने कोण बोलणार? ज्यांना आपण आज नाकं मुरडतो तेच बोलले तर बोलतील.

म्हणून मागणी साधी आहे. नोकरी गेल्यावर किमान सहा महिने द्या. वयाची पायरी काढा, नाहीतर एकदा लागू झालेली रेषा कंपनी बदलली तरी त्या माणसासोबत राहू द्या. कमी दिवस काम करणाऱ्याला त्या प्रमाणात रेषा द्या. आणि हे मागायचं तर इथल्या कामगार संघटनेचं सभासद व्हा. परवान्यावरच्या लोकांनाही ती खुली आहे. ‘आम्ही इंजिनियर, युनियन आपल्यासाठी नाही’ म्हणणाऱ्याने एकदा करार उघडून पाहावा. त्यातलं आपलं पद एकाच शब्दाचं आहे: कामगार.