भिंतीवरचं चित्र आणि चित्रासमोरची चर्चा

पाच जून आला की आपल्या मोबाईलवर हिरव्या शुभेच्छांचा पूर येतो. झाडं लावतानाचे फोटो, नेत्यांचे फ्लेक्स. पण पाण्यासाठी, हवेसाठी, जमिनीसाठी जी माणसं आयुष्यभर भांडली, त्यांचा चेहरा आपल्या विहारात किंवा वाचनालयात किती ठिकाणी दिसतो?

अमेरिकेतल्या मेन राज्यातले चित्रकार रॉबर्ट शेटर्ली यांचं काम या निमित्ताने समजून घेण्यासारखं आहे. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर देश युद्धाच्या दिशेने ढकलला जात होता. त्या संतापातून त्यांनी खरं बोलणाऱ्या अमेरिकन माणसांची व्यक्तिचित्रं काढायला घेतली. पन्नास काढायची ठरवली होती, आज ती अडीचशेच्या पुढे गेली आहेत. लाकडी फळीवर चेहरा रंगवायचा आणि त्या माणसाचे शब्द रंगातच कोरायचे, ही त्यांची पद्धत. ही चित्रं ते विकत नाहीत. ती शाळांत, वाचनालयांत फिरतात आणि त्यांच्यासमोर मुलं, शिक्षक, गावकरी बोलायला बसतात.

यात रेचल कार्सन आहेत, तशा ज्युडी बॉन्ड्सही आहेत. वेस्ट व्हर्जिनियातल्या खाणकामगाराची ही मुलगी हॉटेलात काम करून पोट भरत होती. एक दिवस लहान नातू ओढ्यात उभा होता आणि त्याच्या हातात मेलेले मासे होते. कोळशासाठी डोंगराचे माथे सुरुंगाने उडवले जात होते आणि घाण खाली पाण्यात उतरत होती. पिढ्यान्पिढ्यांचं घर सोडावं लागलेल्या या बाई कोळसा कंपन्यांविरुद्ध उभ्या राहिल्या. २००३ मध्ये त्यांना गोल्डमन पुरस्कार मिळाला. २०११ मध्ये कॅन्सरने त्या गेल्या.

चित्र लावलं की काम संपलं, असं मात्र आम्ही म्हणणार नाही. अमेरिकेत निसर्गरक्षणाचे आद्यपुरुष मानले गेलेले जॉन म्यूर यांनी कृष्णवर्णीयांबद्दल आणि आदिवासींबद्दल हीन उद्गार काढले होते. त्यांनीच स्थापन केलेल्या सिएरा क्लबने २०२० मध्ये ते जाहीरपणे मान्य केलं. जंगलावर प्रेम आणि माणसाचा तिटकारा एकाच मनात राहू शकतो. हे आपल्याला नवं नाही. महाडला २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. पुढे ज्यांनी त्या तळ्याची 'शुद्धी' केली, त्यांच्या लेखी प्रदूषण म्हणजे आपण होतो! म्हणून पर्यावरणाच्या कोणत्याही महापुरुषाला आपण आधी विचारायचं: पाणी वाचवलंत, पण कोणासाठी? बाबासाहेबांनी १९४३ साली पुण्यात रानडे यांच्यावर बोलताना व्यक्तिपूजेची कठोर चिकित्सा केली होती. चित्रासमोर बसताना ते भाषण जवळ असलेलं बरं.

त्याच १९२७ सालापासून मुंबईचा कचरा देवनारला पडतो आहे. जानेवारी २०१६ मध्ये तिथे लागलेल्या आगीचा धूर शहरभर पसरला तेव्हा कुठे मोठ्या वर्तमानपत्रांना देवनार दिसलं. त्या डोंगराच्या कडेला राहणारे, त्यातून प्लास्टिक नि भंगार वेचणारे बहुतेक दलित आणि मुस्लिम. शहराचा कचरा रोज हाताने वेगळा करणाऱ्या बाईला पर्यावरण कार्यकर्ती म्हणायला आपली जीभ का अडखळते? सेमिनारला तिला बोलावत नाहीत, हे एक कारण. आपणही बोलावत नाही, हे दुसरं, आणि ते जास्त टोचणारं.

आपल्याकडे भित्तिचित्रं काढणारी, रॅपमधून बोलणारी पोरं वस्तीवस्तीत आहेत. रविवारच्या वंदनेनंतर विहारात तासभर जागाही असते. सुरुवात एका चित्राने करता येईल. पण ज्या बाईचं चित्र काढायचं, तिला आधी विचारा: चालेल का, खाली शब्द कोणते लिहायचे. चर्चेची वेळही तिच्या सोयीने ठरवा, कारण कचऱ्याच्या गाड्या रविवारीही येतात.